अपंगांचा वाटा आणि गावकीची भूतदया

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी महाराष्ट्रातील गावोगाव ग्रामसभा भरतात. निदान त्या भरल्या असे कागदोपत्री लिहिले तरी जाते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एखाद्या गावी अशा दिवशी मुद्दाम जाऊन पाहावे. (कर्जत म्हणताच ज्यांना मुंबईच्या आगगाडीचे कर्जत आठवते त्यांनी ते क्षणभर विसरावे. आमच्या कर्जत गावाला रेल्वे नाही. आहे ती अवर्षणाची जुनी सोबत, आणि तालुक्याच्या दक्षिणेस भीमेचे पात्र.) सभा बहुधा देवळाच्या ओट्यावर किंवा चार पायऱ्या चढून जाव्या लागणाऱ्या वऱ्हांड्यात असते. घरकुले, रस्ते, पाण्याची टाकी, गटारे या विषयांवर घसे कोरडे होईतो भांडण होते आणि मंडळी उठण्याच्या बेतात असताना कोणीतरी वाचतो, 'दिव्यांग पाच टक्के निधी'. कोणी विचारीत नाही, कोणी सांगत नाही. ठराव सर्वानुमते संमत होतो. त्या 'सर्वां'त ज्यांच्या नावाचा तो पैसा आहे ती माणसे मात्र नसतात. ती पायरीच्या खाली असतात, नाहीतर घरी असतात. कोणी ऐकू येत नाही म्हणून आलेले नसते आणि कोणाला सभा आहे हेच सांगितलेले नसते.

आमच्या मते महाराष्ट्रातील अपंगांच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. कायदे झालेले आहेत, योजना आहेत, स्वतंत्र खातेसुद्धा आहे. परंतु ज्या ठिकाणी वाटप ठरते त्या ठिकाणी ज्याचा वाटा आहे त्याला बसायला जागा नाही. आणि जागा नसली की हक्काचे दान होते, वाट्याची भीक होते. हा अनुभव आमच्या समाजाला नवा नाही. गावकीने बलुत्याचा शेर-पायली दारात फेकावा आणि महाराने तो उपकार मानून उचलावा, ही रीत मोडण्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचले. तीच रीत आता पाच टक्क्यांच्या पावतीवर पुन्हा चालू झाली असेल, तर बौद्धांनी तरी तिच्याकडे डोळेझाक करू नये.

प्रथम नावाचा प्रश्न. २०१५ सालच्या डिसेंबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सुचविले की अपंगांना 'विकलांग' न म्हणता 'दिव्यांग' म्हणावे. तेव्हापासून कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, अर्जांचे मथळे बदलले, महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरात निघालेल्या नव्या खात्याचे नावही 'दिव्यांग कल्याण विभाग' असेच पडले. शब्द गोड आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण गोड शब्दाची चव आम्ही एकदा घेतलेली आहे. अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणण्याचा घाट घातला गेला तेव्हा १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी आणि स्वतंत्र मजूर पक्षाने त्या नावाला विरोध केला, आणि बहुमताने तो धुडकावला जाताच सभात्याग केला. हे नाव आम्हाला नको, असे ज्यांचे नाव ठेवायचे तेच सांगत होते. आणि तरीही नाव ठेवणाऱ्यांचाच आग्रह चालला. देवाची लेकरे म्हटल्याने विहिरीवरचे पाणी मिळाले नाही. मग पायांत बळ नसलेल्या मनुष्याच्या अंगी दिव्यत्व आहे असे म्हटल्याने त्याच्यासाठी कचेरीपुढे उतार कसा बांधला जाणार? संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने २०१९ साली भारताचा अहवाल तपासताना याच शब्दाविषयी नापसंती नोंदविली. आम्ही या लेखात 'अपंग' हाच शब्द वापरणार आहोत. तो निर्दोष आहे म्हणून नव्हे. त्यात निदान देवाला मध्ये घातलेले नाही म्हणून.

देव मध्ये आला की पाठोपाठ पूर्वजन्म येतो. खेड्यात अपंग मूल जन्मले की आजही पहिला प्रश्न डॉक्टरचा नसतो. 'कोणाचे पाप फळाला आले' हा असतो. अस्पृश्यता ज्या सिद्धान्ताच्या जोरावर टिकली तो हाच सिद्धान्त होय. महार महार का, तर पूर्वजन्मीच्या कर्माने. आंधळा आंधळा का, तर पूर्वजन्मीच्या कर्माने. एकदा हे उत्तर मिळाले की समाज सुटला, सरकार सुटले, गटारात उतरविणारा ठेकेदार सुटला, लस वेळेवर न पोचविणारे आरोग्यखाते सुटले! 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी कर्मसिद्धान्ताची कसून उलटतपासणी केली आणि गतजन्मीचे कर्म या जन्मी वारसाहक्काने येते ही कल्पना साफ नाकारली, ती उगाच नव्हे. ज्याने ती कल्पना सोडली त्याला अपंगत्वाचे कारण या जन्मातच, या गावातच शोधावे लागते.

आणि शोधू गेल्यास ते सापडते. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. ही मोजदादही सुखासुखी झालेली नाही. १९९१ च्या जनगणनेत अपंगांविषयीचा प्रश्नच गाळला होता आणि २००१ साली तो पुन्हा घालण्यासाठी जावेद आबिदींसारख्या चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या कार्यकर्त्यांना झगडावे लागले. आता २०११ चे आकडे जातवार पाहा. अनुसूचित जातींत अपंगांचे प्रमाण १०० मागे २.४५, अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांत २.१८. फरक थोडा दिसतो, पण अनुसूचित जातींच्या वीस कोटींच्या लोकसंख्येत तो लाखांनी मोजावा लागतो. निसर्ग जात विचारून माणसाला पंगू करीत नाही. पोटात अन्न कमी, बाळंतपण अवघड, पाणी घाण, वस्ती गावाबाहेर, काम अंगमेहनतीचे आणि धोक्याचे. या सर्वांची बेरीज म्हणजे हा फरक. पोलिओचेच पाहा. भारतातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ साली आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ही सरकारची मोठी कामगिरी आहे, तिला आम्ही उणे म्हणत नाही. परंतु त्याआधी ज्या पिढीला लस मिळाली नाही ती पिढी आज चाळीस-पन्नाशीत आहे, काठीवर आणि हातावर चालते आहे. रोगाचा सत्कार झाला, रोग्याचा हिशेब राहिला.

कर्जत तालुक्याची वस्ती दोन लाखांवर आहे. राज्याचे प्रमाण लावले तरी येथे पाच हजारांहून अधिक अपंग माणसे निघतील. येथल्या कोरडवाहू गावांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला जातात. कोयत्याचा हिशेब जोडीचा असतो. दोन धड माणसे मिळून एक कोयता. ज्याचे अंग धड नाही तो कोयत्यात बसत नाही. तो मागे राहतो, म्हाताऱ्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या भरवशावर. १९७२ च्या दुष्काळातून जन्मलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क म्हणून मिळालेली रोजगार हमी ही महाराष्ट्राची देशाला देणगी म्हणून आपण मिरवितो. पण त्या कायद्यानेही काम कोणाला दिले? अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास जो तयार असेल त्याला. म्हणजे हक्काच्या व्याख्येतच धडधाकट शरीर गृहीत धरलेले आहे. खडी फोडता येत नाही अशा मनुष्याच्या पोटाचे काय, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

ते उत्तर द्यावे लागेल याची जाणीव संविधानकारांना होती. ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार यांच्या जोडीस अपंगत्वाचाही उल्लेख आहे आणि अशा वेळी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने मिळवून द्यावा असे म्हटले आहे. मात्र 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, न्यायालयात ते बजावता येत नाही. भेदभावाला मनाई करणाऱ्या १५ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, अपंगत्व नाही. ही उणीव आहे आणि ती उणीव म्हणूनच सांगितली पाहिजे. पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे नुसती शोभा, असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४८ सालीच संविधान सभेत उत्तर दिले होते: त्यांचा भंग करणाऱ्यास न्यायालयात नसले तरी निवडणुकीत मतदारांपुढे जाब द्यावा लागेल. हा जाब अपंगांनी आजवर विचारला का? आणि विचारायचा ठरविला तर कोठे विचारावा?

कायद्याच्या बाबतीत आज परिस्थिती १९४८ पेक्षा फार पुढे आहे. १९९५ साली पहिला कायदा झाला. २००७ साली भारताने अपंगांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्यानुसार २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क अधिनियम झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून २१ झाले, सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीनांवरून चार टक्के झाल्या, उच्च शिक्षणात पाच टक्के झाल्या. या कायद्याची दोन कलमे मात्र प्रत्येक अपंगाने आणि प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याने पाठ केली पाहिजेत: कलम २४ आणि कलम ३७.

कलम २४ म्हणते की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत इतरांना जी रक्कम मिळते तिच्यापेक्षा अपंगांना किमान २५ टक्के अधिक मिळाली पाहिजे. कारण उघड आहे. औषध, काठी, खुर्ची, सोबतीचा मनुष्य, त्याचे भाडे. अपंगाचे जगणेच महाग असते. आता महाराष्ट्राचे वर्तन पाहा. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची. जुलै २०२३ पासून तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. विधवेला तेवढीच, अपंगालाही तेवढीच. कायद्याप्रमाणे अपंगाला १,८७५ मिळावयास हवे होते. दरमहा ३७५ रुपये कमी. ऑक्टोबर २०२५ पासून सरकारने अपंगांची रक्कम २,५०० केली खरी. पण त्याआधी सत्तावीस महिने गेले. सत्तावीस गुणिले ३७५ म्हणजे १०,१२५ रुपये. ज्याच्या वर्षाच्या उत्पन्नाची कमाल मर्यादाच ५० हजार ठेवली आहे त्या मनुष्याच्या दृष्टीने ही रक्कम किती मोठी, ते मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून दिसत नसेल. शेतकऱ्याकडे सोसायटीचे चार पैसे थकले तर घरावर नोटीस चिकटते. सरकारकडे अपंगाचे दहा हजार थकले, त्याची नोटीस कोणी कोठे चिकटवावी?

आणखी एक गोष्ट लिहिताना आम्हाला थोडे जपून लिहावे लागते, कारण गरीब बहिणीच्या हातात पडलेल्या पैशाचा आम्हाला मत्सर नाही. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना आली. अडीच लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबातील स्त्रीला दरमहा १,५०० रुपये. परंतु नियम असा की दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढीच रक्कम मिळत असेल तर ही मिळणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनेच जाहीर केले की संजय गांधी योजनेच्या २ लाख ३० हजार लाभार्थी स्त्रिया या योजनेतून वगळल्या. त्यांत विधवा होत्या, परित्यक्ता होत्या, अपंग स्त्रियाही होत्या. आता विचार करा. दोन हात, दोन पाय, दोन डोळे शाबूत असलेल्या आणि अडीच लाख उत्पन्नाच्या घरातील बहिणीला १,५००; आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या, ५० हजारांच्या आतल्या घरातील बहिणीलाही १,५००. तिच्या आंधळेपणापोटी सरकारने किती दिले? शून्य. कायदा २५ टक्के अधिक म्हणत असताना शून्य! ऑक्टोबर २०२५ ची वाढ झाली तीही आपोआप झाली नाही; जूनमध्ये मोझरीला बच्चू कडूंनी अन्नत्याग केला तेव्हा अपंगांना सहा हजार द्या ही मागणी पुढे होती, आणि गावोगावचे अपंग त्यासाठी रस्त्यावर उतरले होते. उपाशी राहिल्याखेरीज कायद्यातली टक्केवारी सरकारला वाचता येत नाही, हे कसले साक्षर सरकार?

पैसा मंजूर होण्यापूर्वी दाखला लागतो. दाखल्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे उभे राहावे लागते, आणि आपल्या अपंगत्वाचा तज्ज्ञ जवळच्या रुग्णालयात नसला तर जिल्ह्याची वाट धरावी लागते. कर्जतपासून अहिल्यानगर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. भीमाकाठच्या सिद्धटेकच्या बाजूच्या मनुष्याला त्याहून लांब. एसटी अपंगाला भाड्यात ७५ टक्के सूट देते, त्याबद्दल तिचे आभार. पण तिच्या पायरीची उंची सूट देत नाही. सोबत मनुष्य लागतो, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. यंत्र बंद, डॉक्टर रजेवर, संकेतस्थळ चालत नाही, पुन्हा फेरी. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्राने नियम बदलले तेव्हा ही दगदग कमी होईल अशी आशा होती. झाले उलटे, दाखला देण्याची एका महिन्याची मुदत तीन महिन्यांची केली.

आमच्या माहितीतील एक शिंपी आहेत. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले. हातशिलाईच्या यंत्रावर घर चालवितात. एका तालुक्याच्या गावी (कोणत्या ते सांगत नाही, कारण गोष्ट एका गावची नाही) हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना कचेरीच्या पहिल्या मजल्यावर बोलावले. धाकट्या भावाने त्यांना पाठीवर घेतले आणि जिना चढला. वर गेल्यावर कारकुनाने तोंड वर न करता विचारले, "अपंग कोण, तू की तो?" खोलीत हशा पिकला. आम्ही शिंपीदादांना म्हणालो, तक्रार करू. ते म्हणाले, "तक्रार करायलाही तोच जिना आहे ना."

हा जिना कायद्याने केव्हाच पडायला हवा होता. कायद्याने सर्व सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करण्यास नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले. मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगमतेचे नियम म्हणजे ऐच्छिक सूचना नव्हेत, किमान नियम बंधनकारकच असले पाहिजेत. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट मान्य केली: ज्याला डोळ्यांची उघडझाप करून छायाचित्र देता येत नाही अशा मनुष्याला केवळ त्या कारणाने बँक, योजना यांच्या ओळखपडताळणीतून बाद करता येत नाही. निकाल उत्तम आहेत. दिल्लीहून कर्जतपर्यंत ते कोणत्या गाडीने निघाले आहेत, एवढेच विचारायचे आहे.

या सर्व गैरसोयींवर सरकारपाशी एक ठरीव उत्तर असते: खोटे अपंग फार झाले. होय, झाले आहेत. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाने रद्द केली, आणि त्या व्यक्तीच्या अपंगत्वाच्या दाखल्यांच्या चौकशीत आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर गाजले. आम्हाला त्याची लाज वाटते. पण खोटा दाखला मिळविण्यास ओळख लागते, पैसा लागतो, मोटार लागते. या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी नाहीत त्याचीच मग फेरतपासणी, त्यालाच पुन्हा हेलपाटे. जातीच्या खोट्या दाखल्यांवर सवर्ण नोकऱ्या लाटतात आणि पडताळणीच्या रांगेत उभा राहतो तो खरा मागासवर्गीय. हे आम्ही किती वर्षे पाहतो आहोत! चोर पकडा, जरूर पकडा. पण चोर पळाला म्हणून घरधन्याला चौकीत बसवू नका.

आता कलम ३७. शेतजमिनीच्या व घरांच्या वाटपात पाच टक्के, दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के, आणि त्यात अपंग स्त्रियांना अग्रक्रम. ज्या समाजाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांसाठी तुरुंग भरले त्या समाजाला जमिनीच्या कलमाचा अर्थ सांगावा लागू नये. गायरानाच्या तुकड्यासाठी आमचे लोक आजही कचेऱ्यांचे उंबरे झिजवितात. पण त्या अर्जांत अपंगाचे नाव वेगळे, कलमासह, लिहिलेले आम्ही फारसे पाहिले नाही. आपल्याच अर्जात आपलाच अपंग भाऊ विसरावा, याला काय म्हणावे?

याच धोरणाला धरून महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के अपंगांवर खर्च करावेत असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी ते तीन टक्के होते. मागासवर्गीयांसाठीच्या १५ टक्क्यांचे गावोगाव काय होते ते आमचा वाचक जाणतो. वर्षअखेरीस समाजमंदिराला रंग, चार दिवे, कुठे सतरंज्या. पाच टक्क्यांचेही तेच. ३ डिसेंबरला पाण्याची टाकी, एक घोंगडी, नाहीतर हातावर पाचशे-हजार रुपये. त्याबरोबर छायाचित्र, फेटा आणि भाषण. भाषणात 'आपले दिव्यांग बांधव' असतात, पण बांधवाच्या हाती माईक नसतो. गावाचे स्वउत्पन्न किती, त्याचे पाच टक्के किती, मागील साली किती खर्चले, शिल्लक कोठे गेली? हे विचारणाऱ्याला उत्तर मिळते, 'दिलं ना तुला घोंगडं!'

मत मागताना मात्र सरकारला अपंगाचे घर सापडते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के व त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरबसल्या मतदानाची सोय झाली. पेटी घेऊन कर्मचारी दारात आले, गुप्ततेसाठी आडोसा केला, चित्रीकरण झाले. चांगली गोष्ट झाली. पण मग आमचा साधा प्रश्न आहे. मतपत्रिका घेऊन जो रस्ता तुमच्या कर्मचाऱ्याला माहीत होता त्याच रस्त्याने हयातीचा दाखला घेऊन तो का येत नाही? मत घ्यायला सरकार उंबऱ्याशी येते आणि अनुदान द्यायला अपंगाला जिन्याखाली उभे करते.

येथे आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. गावोगावच्या विहारांची जोती उंच आहेत, पायऱ्या गुळगुळीत आहेत. उतार किती विहारांना आहे? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत छाती फुटेल असा गोंगाट असतो. त्यात अपंग, आजारी, मतिमंद मुलाची आई कोठे उभी राहते? आणि ग्रंथांविषयीही स्पष्ट बोलू. विनयपिटकाच्या महावग्गात प्रव्रज्येस अपात्र ठरविलेल्यांच्या यादीत हातपाय तुटलेले, आंधळे, मुके, बहिरे, कुष्ठरोगी आहेत. कोणी म्हणेल, संघ भिक्षेवर जगत होता, चालणे भागच होते. असेल. पण त्याच महावग्गात अतिसाराने मलमूत्रात लोळणाऱ्या एका भिक्खूची कथा आहे. कोणी त्याच्याजवळ जात नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगून स्वतःच्या हातांनी ते त्याच्यावर ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून मंचकावर निजविले आणि मग संघाची कानउघाडणी केली. कोणते पान आजच्या बौद्धाने प्रमाण मानावे? बाबासाहेबांनी आम्हाला ग्रंथ डोक्यावर घ्यावयास नव्हे, तपासावयास शिकविले. आमच्या समाजात अपंगाला 'लंगड्या', 'बहिऱ्या' म्हणून हाक मारणारे आहेत. त्याच तोंडाने ते जयभीम म्हणतात. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाला तुडवायला कोणीतरी खाली लागतो, हे सूत्र आमच्या घरातही खरे ठरू द्यायचे की नाही, हे आम्हीच ठरवावयाचे आहे.

सरकारला 'पैसा कोठून आणावा' असे म्हणण्याची सवय आहे. आम्ही येथे नवा पैसा मागतच नाही. पाच टक्के हा पंचायतीच्या तिजोरीत असलेलाच पैसा आहे. उताराला लागणारे सिमेंट गावाच्या कमानीला लागणाऱ्या सिमेंटहून कमी आहे. नसेल ती इच्छा, आणि ती नसते कारण ठरविणाऱ्यांत ज्याला गरज आहे तो बसलेला नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी घोंगड्याची नाही, अनुदानाचीही नाही, जागेची आहे. तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कायदा करून ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेत अपंग व्यक्तीची नियुक्ती करण्याचे ठरविले. केवळ ग्रामपंचायतींत तेथे बारा हजारांहून अधिक अपंग सदस्य येतील. महाराष्ट्राने स्वतंत्र खाते प्रथम काढल्याचा डंका वाजविला. मग पंचायतीत जागा देण्याच्या बाबतीत तो मागे का? नियुक्तीत एक धोका आहे, तो आम्ही लपवीत नाही. सरपंचाच्या मर्जीतला, मान डोलावणारा मनुष्य खुर्चीत बसविला जाईल. संयुक्त मतदारसंघातून निवडून आलेल्या आमच्या प्रतिनिधींचे काय झाले हे पुणे कराराने आम्हाला शिकविले आहे. म्हणून गावच्या अपंगांनी आपल्यातून नाव ठरवावे आणि पंचायतीने तेच स्वीकारावे, असे त्या कायद्यात लिहिलेले असावे.

अशी जागा कोणी ताटात वाढून देत नाही. अमेरिकेत १९७३ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने अपंगांत भेद करू नये. आणि सरकारने त्याचे नियम चार वर्षे काढलेच नाहीत. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरात शंभराहून अधिक अपंग स्त्री-पुरुष एका सरकारी इमारतीत शिरले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तेथून हलले नाहीत. कोणाला दर तासाला कूस बदलून द्यावी लागे, कोणाला हाताने भरवावे लागे. त्यांना रोज शिजलेले अन्न आणून दिले ते कोणी? काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर पक्षाने. ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आमच्या तरुणांनी दलित पँथर काढली त्यांनीच. नियमांवर सही झाली तेव्हाच लोक बाहेर आले. पँथरांना त्यात स्वतःचा काय लाभ होता, हा हिशेब त्यांनी केला नव्हता.

कर्जत तालुक्यातील आमच्या वाचकांना एवढे काम करता येईल. पुढील ग्रामसभेच्या सात दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा: गत तीन वर्षांचे स्वउत्पन्न, त्याचे पाच टक्के, प्रत्यक्ष खर्च आणि शिल्लक. सभा पायऱ्या नसलेल्या जागी घ्यावी, ही मागणी त्याच अर्जात करावी. गावातील अपंगांची यादी आपण स्वतः, घरोघर जाऊन, २१ प्रकार पाहून करावी. मतिमंद आणि मनोरुग्ण घरातच दडविलेले असतात, त्यांना वगळू नये. जाहीर झालेली २०२७ ची जनगणना दाराशी येईल तेव्हा हीच यादी ताडून पाहावी. सभेच्या दिवशी ज्याला चालता येत नाही त्याला न्यावे, ज्याला ऐकू येत नाही त्याच्या शेजारी बसून लिहून दाखवावे, आणि बोलू त्यालाच द्यावे. अर्ज दोन प्रतींत करावा व दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.